बनसोडे मॅडमचं वजा चिन्ह

आमच्या शेजारच्या घराच्या पुढच्या खोलीत एक भिंत आहे. घरमालकाने तिला चुन्याचे तीन हात दिले, वरून पिवळा रंग दिला, तरी दुपारी दार उघडं असलं की ती मधोमध काळपट दिसते. नवे भाडेकरू विचारतात, "काका, इथं चूल होती का हो?" चूल नव्हती, फळा होता. लांबी अकरा फूट चार इंच, उंची पाच फूट. टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं, त्यामुळे माप खात्रीनं सांगतो.

मी भूमी अभिलेख कचेरीत भूकरमापक आहे. लोक मोजणीवाला म्हणतात. बनसोडे मॅडम शेजारी राहायला आल्या त्या दिवशी टेम्पोतून आधी पुस्तकांची नऊ पोती उतरली, मग त्यांची आई उतरली आणि शेवटी गॅसची शेगडी. पलंग नव्हता. अर्ध्या तासात मॅडम आमच्या दारात उभ्या.

"भाऊ, तुम्ही मोजणीत हायेत म्हणं. टेप द्या की जरा."

"देतो की. काय मोजायचंय?"

"भिंत. काळी करायचीय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. संध्याकाळपर्यंत घरमालक धावत आला. "मॅडम, राहत्या घराची भिंत काळी करतंय का कुणी? शुभ तरी दिसतं का?"

"सोडताना पांढरी करून देते. लिहून घ्या."

"तसं नव्हं हो, लोक काय म्हणतील?"

"घराला तीट लावली म्हणतील," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा ब्रश बुडवला.

उंची पाच फुटांच्या आत, चालणं भरभर, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल आणि साडीच्या निऱ्यांवर कायम खडूची पूड. फळा पुसायला डस्टर सापडेपर्यंत त्यांना धीर नसे, तळहातानं पुसत. तोच हात पुढं कपाळाला लागे, त्यामुळे कॉलेजातून येताना त्यांच्या कपाळावर पांढरा पट्टा असायचाच. आमची सौ. एकदा हळूच म्हणाली, "मॅडम, कपाळ पुसा." तर त्या म्हणाल्या, "असू द्या. काम केल्याची खूण हाय."

गाव सास्तूरकडचं. आईनं दुसऱ्यांच्या रानात खुरपून शिकवलेली ही एकुलती एक मुलगी. दूरच्या मोठ्या संस्थेतून डॉक्टरेट करून आल्या होत्या. विषय क्वांटम गेज सिद्धांत, आणि त्यातही घोस्ट फील्ड. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर माळावर कॉलेज आहे, तिथं एम.एस्सी.च्या वर्गाला त्या तासिका तत्त्वावर शिकवत. म्हणजे दरवर्षी जूनमध्ये मुलाखत, दरवर्षी एप्रिलअखेर सेवा समाप्त. अशी अकरा वर्षं. वर्गात विद्यार्थी कधी पाच, कधी सहा.

"एवढं शिकून इथं काय करताय?" असं त्यांना सगळे विचारत. सहकारी विचारत, बँकेतला कॅशियर विचारे, एकदा दूधवाल्यानंही विचारलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "इथं का नको?" हे त्या भांडणाच्या सुरात म्हणत नसत. खरंच विचारत आणि समोरच्याच्या उत्तराची वाट बघत उभ्या राहत. कारण कुणालाच सांगता यायचं नाही. एका सहकाऱ्यानं सांगायचा प्रयत्न केला. म्हणाला, "आपल्या पोरांना हे झेपत नाही मॅडम. त्यांना परीक्षेपुरतं द्या." मॅडमनी त्याला विचारलं, "कुणाला किती झेपतं ते तुम्ही मोजलंय? की अंदाजे?"

'अंदाजे' ही त्यांच्या लेखी शिवी होती. त्यावरच आमचं जमलं. मीही न मोजलेलं लिहीत नाही.

आता घोस्ट म्हणजे भूत, यावरून गावात व्हायची तेवढी थट्टा होऊन गेली होती. मॅडमच्या आईच सगळ्यांत पुढं. "दादा, हिचं भूत दिसत न्हाय, गावत न्हाय, कुणाला धरत न्हाय. आमच्या गावची भुतं बरी, निदान लिंबू तरी घ्येत्यात." मॅडम हसायच्या आणि म्हणायच्या, "आई, नाव मी ठेवलं न्हाय. मी फक्त हिशेब करते."

तो हिशेब काय आहे ते मला एका रविवारी कळलं. आता मोजणी यंत्रावर होते आणि क्षेत्र संगणक काढतो. पण जुन्या टिपणांची, म्हणजे मोजणीच्या मूळ नकाशांची, पडताळणी मी हातानं करतो, सवय म्हणून. ओट्यावर बसून एका ओढ्याकाठच्या शेताची आकृती कोऱ्या कागदावर काढून क्षेत्राचा गुणाकार करत होतो. मॅडम भाजी घेऊन येत होत्या, त्या थांबल्या.

"हे एवढंच का वजा केलंय?"

मी सांगितलं. शेत मोजताना एक सरळ आधाररेषा टाकायची, तिच्यावरून दोन्ही बाजूंना लंब घ्यायचे आणि त्रिकोण-चौकोन करून बेरीज करायची. पण शेताचा बांध आत वळलेला असला की आधाररेषा तेवढ्या जागी शेताबाहेर जाते. तिथं एक त्रिकोण असा येतो की जो शेतात नाहीच. त्याचं क्षेत्र काढायचं आणि वजा करायचं.

"आधाररेषा दुसरीकडून टाकली तर?"

"तर हा त्रिकोण येणार नाही. कदाचित दुसरीकडं दुसरा येईल."

"आणि शेत?"

"शेत तेवढंच राहणार की. त्याला काय ठाऊक रेषा कुठून टाकली!"

मॅडमनी भाजीची पिशवी खाली ठेवली, ओट्यावर बसल्या आणि माझ्या हातातली पेन्सिलच घेतली. "भाऊ, अकरा वर्षं मी हे पोरांना कसं सांगू म्हणून डोकं फोडतीय आणि तुम्ही भिंतीपलीकडं बसून रोज हेच करताय?"

मग त्यांनी मला सांगितलं ते असं. मला समजलं तेवढंच लिहितो. निसर्गातली काही बलं अशी आहेत की तीच एक गोष्ट कागदावर अनेक तऱ्हांनी लिहिता येते. सगळ्या तऱ्हा मोजल्या तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली जाते. म्हणून एक तऱ्हा ठरवून घ्यायची, आमच्या आधाररेषेसारखी. पण रेषा ठरवली की हिशेबात नको ते काहीतरी शिरतं. ते काढून टाकायला काही पदं घालावी लागतात. ही पदं कुठल्याही यंत्रात दिसत नाहीत. बाहेरून आत येत नाहीत, आतून बाहेर जात नाहीत, फक्त मधल्या हिशेबात फेरी मारतात आणि प्रत्येक फेरीला वजा चिन्ह लागतं. हीच ती घोस्ट फील्ड. प्रकाशाच्या हिशेबात त्यांच्यावाचून अडत नाही. जिथं बल वाहून नेणारे कण एकमेकांवरही बल लावतात, तिथं मात्र त्यांच्याशिवाय उत्तर बरोबर येत नाही.

"चौकोनी शेताला वजा त्रिकोण लागत नाही," मी म्हणालो.

"वाकड्याला लागतो!" मॅडम ओरडल्या. समोरच्या घरातले लोक बाहेर येऊन बघायला लागले.

त्या वर्षी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात पाच जण होते. त्यांतली नसरीन अणदूरची. वय तीस, दोन मुलं, सकाळी गावातल्या शाळेत तात्पुरती शिकवायची आणि दुपारच्या एसटीनं कॉलेजला यायची. रविवारी मॅडमच्या काळ्या भिंतीपुढं बसायला यायची तेव्हा धाकटा आमच्याकडं सोडायची. एका रविवारी मॅडम एकच गोष्ट अनेकदा मोजली जाणं म्हणजे काय ते समजावत होत्या, तेव्हा नसरीन म्हणाली, "मॅडम, आमच्या खंडोबासारखं. देव काही महिने अणदूरला असतो, काही महिने नळदुर्गला. दोन्ही देवळं मोजून कुणी दोन देव लिहिले, तर?"

मॅडमनी खडू ठेवला. "आता हे पुस्तकात न्हाय. हे तुझं."

नसरीन हुशार होती असं मी म्हणणार नाही. मॅडमही म्हणत नसत. "बेताची हाय. पण उत्तर बरोबर आल्याशिवाय उठत न्हाय," असं म्हणायच्या.

कॉलेज परीक्षा स्वतःच घेतं. त्या विषयाचा पेपर बाहेरच्या एका प्राध्यापकांनी काढला होता आणि नमुना उत्तरंही त्यांनीच पाठवली होती. निकाल लागला. ऐंशीपैकी बत्तीसला पास. नसरीनला अठ्ठावीस. तिला एका कनिष्ठ महाविद्यालयानं कायम जागेसाठी निवडलं होतं, अट एकच. जून उजाडायच्या आत एम.एस्सी. उत्तीर्ण.

मॅडमनी उत्तरपत्रिका मागवून पाहिली. चार प्रश्न कच्चे होते, तिथले मार्क बरोबरच होते. पाचवा प्रश्न बारा मार्कांचा, घोस्टचा. त्यात नसरीनला चार मिळाले होते आणि तिचं उत्तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर होतं. चूक नमुना उत्तरात होती.

मॅडमनी काळ्या भिंतीवर मला ते आकडे लिहून दाखवले. मूळ गणितात अपूर्णांक आहेत, माझ्यासाठी त्यांनी बारानं गुणून पूर्णांक केले. दोन आकडे काढायचे असतात आणि ते सारखे यावे लागतात. कारण हे बल वाहून नेणारी लहर ज्या दिशेला जाते, त्या दिशेला ती स्वतः हलू शकत नाही. आकडे वेगळे आले तर हिशेबात ती तशी हलताना दिसते, म्हणजे हिशेब चुकला. घोस्ट न घेता आकडे येतात एकोणीस आणि बावीस. जुळत नाहीत. घोस्टची फेरी वजा चिन्हासकट घेतली की पहिल्यात एक वाढतो आणि दुसऱ्यातून दोन जातात. वीस आणि वीस.

"नसरीननं हेच लिहिलंय. वीस, वीस," मॅडम म्हणाल्या. "आणि साहेबांच्या नमुना उत्तरात फेरीचं वजा चिन्ह गळालंय. मग काय होतं?"

मी केलं. पहिल्यातून एक गेला, अठरा. दुसऱ्यात दोन वाढले, चोवीस.

"अठरा आणि चोवीस सारखे कसे?"

"खाली लिहिलंय, 'सरळ रूप दिल्यावर समान'. द्या सरळ रूप!"

वर्गातल्या दोघांनी त्या प्राध्यापकांच्या नोट्स पाठ करून अठरा आणि चोवीसच लिहिलं होतं. त्यांना बारापैकी बारा.

मॅडम प्राचार्यांकडं गेल्या. प्राचार्य इतिहासाचे, स्वभावानं मऊ. म्हणाले, "मॅडम, चारच मार्क कमी आहेत ना? ग्रेस देऊन टाकू. आजच पास. बाहेरच्या माणसाला कशाला दुखवायचं?"

"ग्रेस नको, सर. तपासा."

"अहो, पोरगी पास होणार आहे! तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

"बरोबर पाहिजे."

हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, घ्या ग्रेस. बत्तीस काय आणि छत्तीस काय, पासच. तिच्या नोकरीचा प्रश्न आहे." त्यांनी पर्स खुंटीला अडकवली. मग म्हणाल्या, "भाऊ, शेत बरोबर मोजलेल्या माणसाला तुम्ही चूक ठरवता आणि वर म्हणता, असू द्या, दया म्हणून चार गुंठे देतो. त्यानं घ्यावं?"

पुढं दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आई भिंतीवरून वाटी द्यायची आणि म्हणायची, "रुसलीय. जेवती हाय पण."

तिसऱ्या दिवशी त्यांनी नसरीनला बोलावलं. मी तिच्या धाकट्याला घेऊन दारातच उभा होतो. मॅडम पहिल्यांदाच मला जरा खचलेल्या दिसल्या. त्या म्हणाल्या, "नसरीन, नीट ऐक. ग्रेस घेतलीस तर उद्या पास. भांडलो तर कमिटी बसंल, वेळ जाईल, कदाचित नापासच ऱ्हाशील. हट्ट माझा हाय. तुझ्या गळ्यात तो नको. तू म्हणशील तसं."

नसरीननं भिंतीवरच्या वीस-वीसकडं पाहिलं. म्हणाली, "मॅडम, बाकीच्या चार प्रश्नांत मी कच्ची हाय. तिथं कुणी मेहरबानी केली तर घेईन पण, खोटं कशाला बोलू? पण हा प्रश्न मी केलाय. ह्याच्यावर मेहरबानी नको."

"घरी काय सांगशील?"

"घरी सांगते, वजा चिन्ह गावलं की येते."

मॅडमचा चेहरा असा झाला की मी धाकट्याला घेऊन ओट्यावर गेलो.

तक्रार लेखी गेली. आठवड्यानं कमिटी बसली. प्राचार्य, परीक्षा नियंत्रक आणि वाणिज्यचे एक ज्येष्ठ प्राध्यापक. पेपर काढणारे फोनवर. भौतिकशास्त्राचं असं तिघांत कुणीच नव्हतं. मॅडमनी आदल्या दिवशी मला विचारलं, "अर्धी रजा काढता का?" मी काढली. मूळ टिपण कचेरीबाहेर नेता येत नाही, म्हणून कोऱ्या ड्रॉइंग कागदावर ओढ्याकाठच्या शेताची आकृती पुन्हा काढली आणि गुंडाळी करून नेली.

"हे कोण?" नियंत्रकांनी विचारलं.

"मोजणीवाले," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बांधाचा वाद ह्यांच्याशिवाय मिटत न्हाय. आमचा तरी कसा मिटावा?"

प्राचार्य हसले. नियंत्रक हसले नाहीत. मॅडमनी एकही सूत्र लिहिलं नाही. माझा कागद टेबलावर पसरला.

"सर, हे शेत. ओढ्यानं इथं बांध आत वळवलाय. आधाररेषा टाकली, ती इथं शेताबाहेर गेली. हा त्रिकोण हिशेबात आला. ह्यात कुणी पेरत न्हाय, ह्याचा सातबारा न्हाय, औत घातलं तर बैल ओढ्यात जातील. मिळवायचा का वजा करायचा?"

"वजा," प्राचार्य लगेच म्हणाले. त्यांची स्वतःची जमीन ओढ्याला लागून होती, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

"कुणी मिळवला तर?"

"तर ओढा माझ्या नावावर होईल की!"

वाणिज्यचे प्राध्यापक मोठ्यानं हसले. मॅडमनी त्याच कागदाच्या कोपऱ्यात चार आकडे लिहिले. एकोणीस, बावीस. त्यांच्याखाली एक आणि दोन. "हा एक आणि हे दोन म्हणजे माझा ओढ्यातला त्रिकोण. नसरीननं चिन्ह बरोबर धरलं, आले वीस आणि वीस. नमुना उत्तरात चिन्ह उलटं धरलंय. तुम्हीच करा."

वाणिज्यच्या प्राध्यापकांनी केलं. "अठरा... चोवीस. आणि खाली समान लिहिलंय?"

फोनमधून आवाज आला, "अहो, छपाईत एक चिन्ह इकडचं तिकडं झालं असेल. एका चिन्हावरून एवढा गहजब?"

मला बोलायचं नव्हतं. पण मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही, म्हणूनच बोललो. पाहिलं असतं तर कदाचित गप्प बसलो असतो.

मी सांगितलं, "नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सोनारीच्या शिवारात माझ्या हातून हेच झालं होतं. ओढ्यातला सहा गुंठ्यांचा त्रिकोण वजा करायचा, तो मी मिळवला. क्षेत्र बारा गुंठ्यांनी चुकलं. सहानं नाही, बारानं. चिन्ह चुकलं की चूक दुप्पट होते. दोन सख्खे भाऊ त्या बारा गुंठ्यांवरून वर्षभर एकमेकांच्या दारात गेले नाहीत. फेरमोजणी मी स्वतः मागितली, मेमो घेतला. इथंही बघा. वीसचे अठरा झालेत, म्हणजे दोननं फरक. वीसचे चोवीस झालेत, म्हणजे चारनं. एकाचे दोन आणि दोनाचे चार. छपाईची चूक असती तर ती शेवटच्या आकड्यांत उतरली नसती. हिशेबच उलट्या चिन्हानं केलाय."

फोनमधून पानं उलटल्याचा आवाज आला. मग आलं, "मी पुन्हा बघून कळवतो."

बाहेर पडताना प्राचार्य मॅडमना म्हणाले, "तुमचं बरोबर असेल मॅडम. पण जूनमध्ये पुन्हा मुलाखती आहेत, एवढं लक्षात असू द्या."

"लक्षात हाय सर. अकरा वेळा दिलीय. तुम्हीही एकदा बारावं वर्ष मिळवायचं का वजा करायचं ते ठरवा."

त्यांनी वजा करायचं ठरवलं. एप्रिलअखेर सगळ्या तासिकावाल्यांची सेवा संपते, तशी मॅडमची संपली. फक्त या वेळी कार्यालयानं त्यांच्याकडून ग्रंथालयाचं कार्ड आणि प्रयोगशाळेची किल्लीही परत मागून घेतली. पूर्वी कधी मागितली नव्हती. आई म्हणाली, "काय गरज होती एवढं ताठ ऱ्हायाची?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "माझ्यावरच गेलीय. मुकादमानं दिवस कमी लिवला की मी बी खुरपं खाली ठिवायची."

मेच्या मध्याला नसरीनचा सुधारित निकाल तयार असल्याचा निरोप आला. मॅडमच्या स्कूटीचं चाक पंक्चर होतं, म्हणून कचेरीला जाता जाता मी त्यांना मोटारसायकलवर कॉलेजला सोडलं. त्यानंतर मी पंधरा दिवस परंड्याकडं मोजणीला गेलो, आणि परत आलो तेव्हा शेजारच्या दाराला कुलूप होतं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात त्यांना जागा मिळाली होती, तीही तासिकेवरच. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी.

मीही त्यांच्याबरोबर आत गेलो. कार्यालयात नसरीन आधीच आली होती. हातात कागद. मार्क छत्तीस. उत्तीर्ण. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला, कागद घेतला, वाचला आणि लिपिकाच्या टेबलावर परत ठेवला.

"हे काय लिवलंय? 'विशेष बाब म्हणून सहानुभूतीपूर्वक विचार करून'?"

"मॅडम, ती आमची नेहमीची ओळ आहे. मार्क आले ना? शब्दाचं काय एवढं?"

"मार्क तिचे हायेत. सहानुभूती तुमची. तुमची तुमच्याकडं ठेवा."

"आणि मॅडम, राग मानू नका, पण तुमचा आता इथं संबंध काय?"

"काही न्हाय," मॅडम म्हणाल्या. "तरी ओळ बदला."

लिपिकानं नसरीनकडं पाहिलं. त्याला वाटलं असावं, हिला घाई आहे, ही तरी कागद उचलून चालती होईल. नसरीन मॅडमशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "मला पण दुसरा पाहिजे."

लिपिक आत गेला. सतरा मिनिटं लागली. समोर दोन खुर्च्या मोकळ्या होत्या, पण दोघी उभ्याच. नवा कागद आला. 'उत्तरपत्रिकेची फेरतपासणी केली असता उत्तर बरोबर आढळले, सबब गुण देण्यात येत आहेत.' मॅडमनी तो दोनदा वाचला. प्राचार्य दारात येऊन उभे होते. "झालं समाधान?"

"दुरुस्ती झाली, सर," मॅडम म्हणाल्या. "नमुना उत्तर फायलीत अजून तसंच हाय. ते पण करा."

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात वर्गातली ती दोन मुलं उभी होती, ज्यांना अठरा-चोवीसला बारापैकी बारा मिळाले होते. त्यांचे मार्क कुणी काढले नव्हते आणि मॅडमनीही काढायला सांगितले नव्हते. एकानं अडखळत विचारलं, "मॅडम, आमचं नेमकं कुठं चुकलं?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं नाही. साडी आवरून तिथंच फरशीवर बसल्या, पर्समधून खडू काढला आणि काळ्या शहाबादी फरशीवर पहिलं वर्तुळ काढलं. "बस. ही फेरी. हिच्या आत दोन जागा हायेत. जागांची अदलाबदल केली की चिन्हाचं काय होतं?" दोन्ही मुलं उकिडवी बसली. नसरीन कागद पदराखाली धरून त्यांच्या मागून वाकली.

मला कचेरीत साडेदहाला पोचायचं होतं. मोटारसायकल सुरू करता करता मागं पाहिलं. फरशी निम्मी भरली होती. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. सुट्ट्या लागल्या होत्या, कार्यालय सकाळी थोडाच वेळ उघडं असे, ते झालं की इमारत बंद करायची होती.

"मॅडम, कुलूप लावायचंय."

"लावा," मॅडम मान वर न करता म्हणाल्या आणि तळहातानं एक ओळ पुसून पुन्हा लिहायला लागल्या. "आमचं अजून व्हायचंय."